देवडीवरची वही

१८०८ साली तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरात एक दोर तुटला. विल्यम लॅम्बटन हा इंग्रज सर्वेक्षक तेव्हा दक्षिण हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी करत होता. कावेरीच्या त्या सपाट भातखाचरांच्या मुलखात उंच जागा म्हणजे देवळांचे मनोरेच, म्हणून त्याने आपले अर्ध्या टनाचे थिओडोलाइट मंदिराच्या शिखराकडे चढवायला घेतले. मध्येच दोर तुटला, यंत्र दगडी भिंतीवर आदळले आणि कोन मोजायचे त्याचे वर्तुळ वाकले. ते ठाकूनठोकून पुन्हा गोल करण्यात लॅम्बटनचे सहा आठवडे गेले. दुसरे सरफोजी राजे त्या वेळी गादीवर होते. अपघात मोठाच, पण त्यात एक सोय होती. दोर कधी तुटला आणि कुठे तुटला, हे जमलेल्या प्रत्येकाला दिसले होते.

मंदिरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर राजवाडा आहे. त्याच्या आवारात आजही रोज काहीतरी तुटत असेल, पण ते कोणाला दिसत नाही.

या आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ३,००० हून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. त्यांच्याखेरीज मराठा राजवटीच्या दप्तराची मोडी लिपीतली शेकडो बाडे आहेत. समजा, राजवाड्यासमोरच्या कीळराजवीदीवर, म्हणजे पूर्वेच्या राजरस्त्यावर, एका घरात कोणी अशाच मोडी कागदांचे लिप्यंतर करत बसले आहे. कागदाचे छायाचित्र पडद्याच्या डाव्या बाजूला आहे आणि उजवीकडे काळी खिडकी. त्या खिडकीतून दूर कुठल्या तरी शहरातल्या सर्व्हरवर लॉगिन केलेले आहे आणि लिप्यंतराची फाइल तिथे उघडी आहे. मोडीत शिरोरेघ आधी पानभर ओढतात, मग बोरू न उचलता खाली अक्षरे लोंबवत जातात. शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यात हे तंजावुरी कागद, मराठी वाक्यात तमिळ शब्द सहज मिसळणारे. एका शब्दावर अर्धा तास जाणे ही या कामातली नेहमीची गोष्ट. अर्ध्या तासाने शब्द लागतो, बोटे कीबोर्डवर येतात, आणि खिडकी ढिम्म. अक्षर उमटत नाही. मिनिटभराने ओळ येते: ‘ब्रोकन पाइप’. कधी ‘कनेक्शन रीसेट बाय पीअर’.

पहिला संशय इंटरनेट कंपनीवर जातो. पण त्याच वेळी शेजारच्या खोलीत सिनेमा अखंड चालू असतो. तार शाबूत आहे. मग तुटले काय?

हे समजायला ‘जोडणी’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते, कारण या शब्दानेच आपली फसगत केली आहे. जोडणी म्हटले की डोळ्यांसमोर दोर येतो. दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याची आजची सर्वमान्य पद्धत म्हणजे एसएसएच. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या तातू यल्योनेन याने ती लिहिली, विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचे उघड झाल्यावर. ही एसएसएच चालते टीसीपी नावाच्या नियमावलीवर. या नियमावलीत दोर नाहीच. आहेत फक्त दोन टोकांच्या दोन आठवणी. हा संगणक लक्षात ठेवतो की तिकडच्याशी आपले बोलणे चालू आहे आणि अमुक क्रमांकाच्या अक्षरापर्यंत पोचलो आहोत. तिकडचाही तेच लक्षात ठेवतो. दोघांना बोलायचे नसेल, तर तारेवरून एकही पॅकेट जात नाही. मूळ नियमांप्रमाणे तसे दिवसभर जाऊ नये, तरी चालते.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. दोन संगणक एकाच साध्या केबलने जोडून लॉगिन करावे आणि काही न टाइप करता केबल उपटून ठेवावी. जेवून यावे. केबल पुन्हा खोचावी आणि टाइप करावे. पत्ता बदलला नसेल आणि मध्ये कोणी कुणाची विचारपूस केली नसेल, तर अक्षर उमटते. तार तासभर तुटलेली होती, जोडणी मात्र नव्हती. आणि कीळराजवीदीवरच्या घरात तार तासभर धडधाकट होती, पण जोडणी गेली.

म्हणजे कोणाची तरी आठवण पुसली गेली आहे. दोन्ही टोकांना तर आठवण आहे. उरला तो मधला.

टीसीपी आखली गेली तेव्हा हा मधला नव्हता. तो आला टंचाईतून. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच कळून चुकले. १९९४ च्या मे महिन्यात एक तोडगा कागदावर आला, त्याला म्हणतात नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल. घरातली दहा यंत्रे आतल्या आत हवे ते पत्ते वापरतील, बाहेर जगाला मात्र एकच पत्ता दिसेल. २०११ च्या एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा मोकळा साठा जवळजवळ संपला, तेव्हापासून तर मोबाइल आणि इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एक पत्ता देऊ लागल्या. घरात एक नॅट, कंपनीत दुसरे.

राजवाड्याच्या परिसरात बसून हे समजावून सांगायचे तर देवडीवरच्या कारकुनाइतका चांगला दाखला नाही. वाड्यात माणसे पुष्कळ, बाहेर जायचा दरवाजा एक. आतून कोणी बाहेर निरोप धाडला, की कारकून वहीत ओळ लिहितो: अमक्या दालनातून, तमक्या गावच्या तमक्याला. उत्तर आले की वही बघून ते त्या दालनात पोचते करतो. पण वहीला पाने मोजकीच. राउटरला मेमरी मर्यादित असते आणि एका बाहेरच्या पत्त्यामागे दारांचे क्रमांक ६५,५३६ च्या पुढे जात नाहीत. तेव्हा ज्या ओळीवर बराच वेळ काही हालचाल नाही, ती तो खोडतो. आत बसलेला माणूस मोडीतला एक शब्द लावत आहे, हे त्याला कळायचे कसे? त्याच्या लेखी गप्प असलेला आणि गेलेला यांत फरक नाही.

ओळ खोडताना तो कोणाला सांगत नाही. भानगडीचे मूळ इथे आहे. आतला निर्धास्त, बाहेरचा निर्धास्त, दोघांच्या मते संबंध चालू. पुढे आतून अक्षर निघते, तेव्हा देवडीवर कोणी म्हणते, ‘तुमची ओळ वहीत नाही.’ काही कारकून निदान तसे तोंडावर सांगतात. त्या निरोपाला रीसेट म्हणतात आणि तो आला की खिडकी लगेच बंद पडते. काही मात्र आलेला कागद मुकाट केराच्या टोपलीत टाकतात. मग हा संगणक पुन्हा पुन्हा तेच पाठवत राहतो आणि खिडकी मिनिटेच्या मिनिटे गोठून बसते. लोक सगळ्यालाच ‘हँग झाले’ म्हणतात. लगेच बंद पडले की गोठून मग बंद पडले, एवढे नीट पाहून ठेवले तरी पुढचे निम्मे काम हलके होते.

उरलेले निम्मे घड्याळ करते. दोष शोधायला बसलेली बहुतेक माणसे आधी सेटिंग बदलतात आणि मग बघतात, आणि यातच दोन-दोन दिवस घालवतात. आधी मोजावे. लॉगिन करावे, एकदा एंटर दाबावे, वेळ लिहून ठेवावी आणि हात बाजूला घ्यावेत. तीन मिनिटांनी एकदा, मग नव्याने लॉगिन करून सहा मिनिटांनी, मग अकरा, वीस, सत्तर. कुठल्या अंतराला जोडणी मेलेली सापडते ते बघावे. तो आकडा बहुधा गोल निघतो, आणि गोल आकडा म्हणजे कोणीतरी माणसाने कधीतरी लिहून ठेवलेला आकडा. तार आपणहून तुटली असती, तर ती रोज बरोबर त्याच मिनिटाला तुटली नसती.

काही आकडे तर ओळखीच्या माणसांसारखे आहेत. चार मिनिटांवर मरत असेल आणि सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरमध्ये असेल, तर तिथल्या लोड बॅलन्सरची ठरलेली मुदत तेवढीच आहे. अॅमेझॉनच्या क्लाउडमधले नॅट ३५० सेकंद थांबते, म्हणजे सहा मिनिटांना दहा सेकंद कमी, आणि मग रीसेट पाठवते. गूगलच्या क्लाउडमधली नोंद दहा मिनिटे टिकते. बरोबर एका तासाने जात असेल, तर कचेरीच्या दारावरच्या फायरवॉलकडे बघावे. सिस्कोच्या एएसए जातीच्या फायरवॉलमध्ये मूळचा आकडाच एक तासाचा असतो. घरच्या राउटरांचे मात्र काही सांगता येत नाही. कोणी काही मिनिटांत विसरतो, कोणी दिवसभर लक्षात ठेवतो.

नियम नाही असे नाही. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी लिहून ठेवले, की जमलेली टीसीपी जोडणी दोन तास चार मिनिटांच्या आत विसरायची नाही. लिनक्सवर चालणारी यंत्रे तर मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस लक्षात ठेवतात. वरचे आकडे या नियमाच्या शेजारी ठेवले, की मोठमोठ्या कंपन्यांच्या देवड्यांवर नियमाची काय पत्रास आहे ते दिसते. गिऱ्हाईक लाखो आणि वही एक, त्यामुळे त्यांची अडचण खोटी नाही. पण त्रास ज्याला होतो, त्याला हा आकडा कोणी आपणहून सांगत नाही.

पण दोन तास चार मिनिटे, असा चमत्कारिक आकडा आला कुठून? त्याचे उत्तर १९८९ मध्ये आहे. समोरचा जिवंत आहे का, हे अधूनमधून रिकामे पॅकेट पाठवून विचारायची युक्ती तेव्हाही होती. तिला कीप-अलाइव्ह म्हणतात. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या नियमपत्रात तिच्याबद्दल चांगलीच नाराजी आहे. क्षणभर बिघडलेल्या वाटेमुळे चांगली जोडणी नाहक तुटेल, फुकट पॅकेट वाया जातील, आणि जिथे पॅकेटामागे पैसे मोजावे लागतात तिथे खर्च वाढेल, अशा तीन हरकती. म्हणून सोय ठेवा, पण मुळात बंद ठेवा, आणि चालू केलीच तर किमान दोन तासांनी विचारा, असे ठरले. लिनक्समध्ये आजही तो आकडा ७,२०० सेकंदच आहे. दोन तासांनी पहिली हाक, उत्तर नाही आले तर ७५-७५ सेकंदांच्या अंतराने तिच्यासकट एकूण नऊ हाका, शेवटचीनंतरही तेवढीच वाट, मग हात झटकायचे. सगळे मिळून दोन तास, अकरा मिनिटे, पंधरा सेकंद. देवडीवाल्यांना सांगितलेली दोन तास चार मिनिटे ही त्या पहिल्या हाकेला वाट मोकळी राहावी म्हणून होती. जो कारकून पाच मिनिटांत ओळ खोडतो, त्याच्यासमोर दोन तासांनी येणारी हाक काय कामाची?

इथेच पुष्कळांचा पाय घसरतो. एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘टीसीपी कीप अलाइव्ह’ अशी एक ओळ असते आणि ती मुळातच चालू असते. ती पाहून माणूस समजतो, की हाका जात आहेत, म्हणजे दोष दुसरीकडे. हाका जातात, पण दोन तासांनी. हवी ती ओळ वेगळी. आपल्या बाजूच्या सेटिंगमध्ये तिचे नाव ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ आणि सर्व्हरच्या बाजूला ‘क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल’. दोन्ही मूळ शून्यावर, म्हणजे बंद. पहिलीत ६० लिहिले, की दर मिनिटाच्या शांततेनंतर एसएसएच स्वतःच्या कुलूपबंद पेटीतून सर्व्हरला हाक देते आणि उत्तर घेते. देवडीवरची ओळ ताजी राहते. टीसीपीची हाक उघड्यावरची असते, मधला कोणी खोटे उत्तर देऊ शकतो. ही हाक बंद लिफाफ्यातली असल्याने तसे करता येत नाही. विंडोजवर पुटी वापरणाऱ्यांना हीच सोय ‘कनेक्शन’ या पानावर मिळते: कीप-अलाइव्हच्या चौकटीत सेकंद भरायचे, शून्य म्हणजे बंद.

आकडा किती ठेवायचा, याला घड्याळाने आधीच उत्तर दिलेले असते. मोजलेल्या मुदतीच्या निम्म्याहून कमी. चार मिनिटांवर मरणाऱ्या जोडणीला ६० सेकंद पुरतात. ५ सेकंद लिहिणारेही भेटतात. त्यांना मोबाइलची बॅटरी लवकर का संपते, तेही वेगळे शोधत बसावे लागते.

पण हाक देऊनही पंधरा मिनिटांवर खिडकी बंद पडली तर? मग देवडीवाला निर्दोष आहे. पडद्यावर मरताना काय लिहिले होते ते वाचावे. ‘ऑटो-लॉगआउट’ हे शब्द असतील, तर जोडणी तुटलेली नाही, सर्व्हरवरच्या शेलने, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रॅमने, आपणहून निरोप घेतला आहे. शेलमध्ये ‘टीमआउट’ नावाचा एक आकडा ठेवता येतो. तेवढे सेकंद कोणी काही टाइप केले नाही, तर शेल दिवा मालवून निघून जाते. ती बोटे मोजते, पॅकेट मोजत नाही, त्यामुळे कीप-अलाइव्हचा तिच्यावर काही परिणाम नाही. आणि ती मोजते तेही फक्त आज्ञेची वाट पाहत असताना. फाइल लिहायचा एखादा एडिटर उघडा असेल, तर तिचे घड्याळ चालतच नाही. पंधरा मिनिटे हा आकडाही उगाच नाही. कार्डाच्या व्यवहारांसाठी जगभर लागू असलेल्या सुरक्षा नियमांत पंधरा मिनिटे निष्क्रिय राहिलेल्या सेशनला पुन्हा ओळख विचारायची अट आहे, आणि बँकांची कामे करणाऱ्या कचेऱ्या ती सगळ्याच यंत्रांना लावतात. चहाला उठलेल्या माणसाची उघडी खिडकी दुसऱ्याच्या हाती पडू नये, हा त्यामागचा हेतू. ती अट चुकवायच्या युक्त्या शोधण्यापेक्षा सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करणे बरे.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनीही एक गोंधळ वर्षानुवर्षे जपला होता. ‘क्लायंट अलाइव्ह काउंट मॅक्स’ हा आकडा, म्हणजे किती हाका वाया गेल्यावर हात झटकायचे तो. मूळचा तीन आहे. त्यात शून्य लिहिले, की पहिल्याच हाकेच्या वेळी जोडणी कापली जायची, आणि सुरक्षेच्या कित्येक मार्गदर्शिकांनी निष्क्रिय लोकांना हाकलायला हीच युक्ती सांगितली होती. २०२० साली निघालेल्या ओपनएसएसएच ८.२ या आवृत्तीने शून्याचा अर्थच उलटा केला: शून्य म्हणजे कधीच कापू नका. त्यामुळे तीच फाइल जुन्या यंत्रावर लोकांना हाकलायची आणि नव्यावर कोणालाच नाही.

या सगळ्याच्या आधी एक साधी चाचणी करता येते. खिडकीत ‘टॉप’ चालू करून सोडावे. यंत्राचा हालहवाल तो दर काही सेकंदांनी ताजा करत राहतो, म्हणजे तारेवर सतत काहीतरी वाहते. अशी वाहती खिडकी दोन तास जगली आणि शेजारची रिकामी मेली, तर आरोपी शांतताच. दोन्ही मेल्या, तर मग खरोखर तार, वायफाय किंवा झोपी गेलेला लॅपटॉप. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तेच करून पाहिले, की आरोपी घरच्या बाजूचा की सर्व्हरच्या बाजूचा, तेही कळते.

तंजावूर जिल्ह्यात खरोखर तुटणेही काही नवलाचे नाही. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गजा वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा पट्टुकोट्टै, पेरावूरणी या दक्षिणेकडच्या तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी दिवस वीज नव्हती. एवढे मोठे संकट सोडा, पण दोन मिनिटांची वीज जाणे रोजचे. अशा वेळी १९८९ च्या नियमपत्रातली पहिली हरकत खरी ठरते. दर ३० सेकंदांनी हाक आणि तीन हाकांची मर्यादा ठेवली, तर दीड मिनिटाच्या खंडात एसएसएच स्वतःच जोडणी कापते. कंपनीच्या वाटेवर दोन मिनिटे बिघाड झाला आणि घरचा राउटर चालूच राहिला, तर हाका न देणारी जोडणी वाचली असती. म्हणून वारंवार हाक द्यायची, पण हाकांची मर्यादाही वाढवून ठेवायची. ६० सेकंद आणि दहा हाका असे धरले, तर दहा मिनिटांची मुभा मिळते.

मात्र त्या दोन मिनिटांत घरचा राउटरच बंद पडून पुन्हा चालू झाला असेल, तर मुभेचा उपयोग नाही. राउटर उठतो तो कोरी वही घेऊन. बहुधा पत्ताही नवा असतो. तिथे सेटिंग हरते आणि दोनच गोष्टी उपयोगी पडतात. एक, राउटरला छोटा यूपीएस. दुसरी, तुटणे धरूनच चालणारी साधने. १९८७ मधला ‘स्क्रीन’ आणि २००७ मधला ‘टीमक्स’ हे दोघे काम सर्व्हरवरच चालू ठेवतात. खिडकी ही त्या कामाकडे बघायची फक्त झडप. झडप मिटली, तरी आत दिवा तसाच. अमेरिकेतल्या एमआयटीतून २०१२ साली आलेला ‘मॉश’ तर टीसीपीच सोडून देतो. लॅपटॉप मिटून बंगळुरूच्या गाडीत बसावे आणि तिथे पोचून उघडावा, पत्ता बदललेला असला तरी तो जिथे होता तिथून पुढे चालू लागतो.

कीळराजवीदीवरच्या घरात वीज येते. पंखा फिरू लागतो, राउटरचे हिरवे दिवे एकेक करून लागतात. पुन्हा लॉगिन, मग ‘टीमक्स अटॅच’. फाइल उघडीच आहे. लुकलुकती रेघ त्याच शब्दापाशी थांबलेली, पहिली दोन अक्षरे लागलेली, आणि तिसरे अजून ‘प’ की ‘य’ ते ठरायचे आहे.